कार्डावरची तारीख नको, पासपोर्टावरचा शिक्का बघा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं कोथरूडला असतो. माझं वय ६७, यजमानांचं ७३. मुलगी न्यू जर्सीत आहे. ती तिकडची नागरिक झाल्यावर तिने आमच्यासाठी अर्ज केला आणि २०१६ साली आम्हाला ग्रीन कार्ड मिळालं. तेव्हापासून वर्षातले बरेच महिने तिकडे, थोडे इकडे असं चाललं होतं. यजमान तेरा महिन्यांपूर्वी एकटेच भारतात आले, त्यांच्या थोरल्या भावाचं दुखणं होतं म्हणून. परतीचं तिकीट काढलेलं होतं, पण निघायच्या आठवडाभर आधी बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, जखम चिघळली, पुन्हा ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून घरात चालतात. ते पडल्याचं कळल्यावर मी धावत आले, त्याला आता आठ महिने होतील. दोघांचीही कार्डं पुढच्या महिन्यात संपताहेत. जावई म्हणतात, ऑनलाइन फॉर्म भरून टाकू, पुण्यात बसून होतं. इथला एक एजंटही तेच म्हणतो आणि दोघांचे मिळून पन्नास हजार मागतो. त्यातच सोसायटीच्या ग्रुपवर आलं की कार्ड संपलं की हक्क संपला. रात्रीची झोप उडाली आहे. कार्डं संपायच्या आत इथून नूतनीकरण कसं करायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, आधी यजमानांची तब्येत सुधारते आहे हे वाचून बरं वाटलं. आता तुमच्या प्रश्नाकडे. एजंटला पन्नास हजार देऊ नका आणि जावयांना जरा थांबायला सांगा. तुम्ही ज्या तारखेची धास्ती घेतली आहे ती बिनमहत्त्वाची आहे. जिची घ्यायला हवी होती तिचा पत्रात ओझरता उल्लेख आहे.

कार्ड हातात घ्या. पुढच्या बाजूला दोन तारखा छापलेल्या दिसतील. एक ‘कार्ड एक्स्पायर्स’, दुसरी ‘रेसिडेंट सिन्स’. पहिली तारीख त्या प्लास्टिकच्या तुकड्याची आहे. तो दहा वर्षांनी बदलून घ्यावा लागतो, कारण फोटो जुना होतो आणि चेहरा बदलतो. दुसरी तारीख तुमच्या हक्काची आहे आणि तिच्यापुढे संपण्याची तारीख छापलेली नाही. दहा वर्षांचं कार्ड संपलं म्हणून कायमचं वास्तव्य संपत नाही. ग्रुपवरचा तो फॉरवर्ड खोटा आहे, खुशाल डिलीट करा. (ज्यांच्या कार्डाची मुदत दोनच वर्षांची असते, म्हणजे बहुधा नव्याने लग्न होऊन गेलेली मंडळी, त्यांचं मात्र वेगळं. त्यांचा हक्कच सशर्त असतो. त्यांनी हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये.)

मग हक्क जातो कशाने? अमेरिकेबाहेर फार काळ राहिल्याने, आणि आपलं घर आता तिकडे नाही असं वागण्यातून दिसल्याने. इथेच तुमचं आणि यजमानांचं प्रकरण वेगळं होतं. कार्डं एकाच दिवशी मिळाली, एकाच दिवशी संपताहेत, म्हणून तुम्ही दोघांना एकाच फाइलमध्ये घातलंत. अमेरिकेचा इमिग्रेशन अधिकारी तसं करणार नाही. त्याच्या दृष्टीने तुम्ही आठ महिने बाहेर आहात आणि यजमान तेरा महिने.

हे दिवस मोजायचे कसे, तेही सांगते, कारण त्यात अनेकांचा घोळ होतो. अमेरिका बाहेर पडताना पासपोर्टावर शिक्का मारत नाही. त्यामुळे मुंबईत उतरल्यावर आपल्या इमिग्रेशनने मारलेला शिक्का शोधा आणि त्याच्या आदल्या दिवसापासून मोजा. सहा महिन्यांच्या आत परत गेलं तर सहसा दोन-चार प्रश्नांवर भागतं. १८० दिवसांच्या वर गेलं की कायद्याने तुम्ही ‘नव्याने प्रवेश मागणारे’ ठरू शकता, म्हणजे अधिकारी सविस्तर चौकशी करू शकतो. एक वर्ष ओलांडलं, की नुसत्या ग्रीन कार्डावर परत जाता येत नाही. मग त्या कार्डाची मुदत अजून पाच वर्षं शिल्लक असली तरी फरक पडत नाही.

पहिल्यांदा तुमच्याविषयी.

पुण्यात बसून नूतनीकरण करू नका. नूतनीकरणाचा फॉर्म आय-९० ऑनलाइन भरता येतो हे खरं आणि तुमच्या लॅपटॉपवर तो उघडेलही, म्हणूनच जावयांना आणि एजंटला ते सोपं वाटतं. पण यूएससीआयएसचं, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं, सांगणं असं आहे की तुम्ही देशाबाहेर असाल, कार्ड सहा महिन्यांच्या आत संपत असेल आणि वर्षाच्या आत परतणार असाल, तर परतल्यावर लगेच अर्ज करा. बाहेर असतानाच कार्ड संपलं तर आधी तिथल्या अमेरिकन दूतावासाशी बोला. यामागचं कारण व्यवहाराचं आहे. अर्जानंतर बोटांचे ठसे आणि फोटो यांसाठी तिकडच्या केंद्रात बोलावणं येऊ शकतं. ती केंद्रं अमेरिकेत आहेत, पुण्यात नाहीत. तारीख चुकली तर अर्ज सोडून दिल्याचं धरतात आणि भरलेली फी जाते. नवं कार्डही टपालाने अमेरिकेतल्याच पत्त्यावर येतं. म्हणजे इथून अर्ज करून वेळ वाचत नाही, आणि आपण परदेशात मुक्काम ठोकून आहोत हे आपल्याच हाताने लिहून दिल्यासारखं होतं.

मग संपलेल्या कार्डावर विमानात घेतील का? अमेरिकेच्या सीमा खात्याने विमान कंपन्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत दहा वर्षांच्या मुदतीचं कार्ड संपलेलं असलं तरी त्या प्रवाशाला घेता येतं, असं लिहिलेलं आहे. तुमचा पासपोर्ट मात्र चालू हवा. अडचण काउंटरवर येते. चेक-इनला बसलेल्या मुलाने असं कार्ड कधी पाहिलेलं नसतं, तो मान हलवतो आणि मागे रांग खोळंबते. तेव्हा मार्गदर्शिकेचं ते पान छापून जवळ ठेवा, चार तास आधी पोचा आणि हुज्जत न घालता त्याच्या सुपरवायझरला बोलवायला सांगा. तिकीट काढतानाच कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागवलंत तर फारच उत्तम.

शक्यतो मुंबईहून थेट न्यूयॉर्क किंवा नेवार्कचं विमान घ्या. युरोपातून जाताना काही देश भारतीय पासपोर्टवाल्यांना नुसतं विमान बदलायलाही व्हिसा मागतात आणि अमेरिकेचं ‘चालू’ कार्ड असेल तरच तो माफ करतात. संपलेल्या कार्डाचं तिथे काही खरं नाही. अबूधाबीमार्गे गेलात तर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी अबूधाबीच्या विमानतळावरच उरकते. एरवी ती सोय मोठी आहे, पण ज्यांना प्रश्न विचारले जाण्याची शक्यता आहे त्यांनी ती तपासणी अमेरिकेत उतरल्यावर झालेली बरी. तिथे तुम्हाला न्यायाधीशासमोर बाजू मांडण्याचा हक्क मागता येतो.

प्रश्न तुम्हाला विचारले जातील, ते गृहीत धरा. आठ महिने का राहिलात? घर कुठे आहे? टॅक्स भरता का? उत्तर तुमच्याकडे आहे आणि खरं आहे. नवऱ्याचं ऑपरेशन होतं, एकदा नव्हे दोनदा. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, दोन्ही ऑपरेशनच्या तारखा, सर्जनचं लेटरहेडवरचं पत्र हे सगळं पर्समध्ये ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. सोबत तिकडच्या बँकेचं स्टेटमेंट, आरोग्य विम्याचं कार्ड, मुलीच्या पत्त्यावर तुमच्या नावाने आलेली पत्रं. आणि ‘मी मुलीला भेटायला आले आहे’ हे वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. ते व्हिजिटर व्हिसावाल्याचं वाक्य आहे. तुम्ही घरी परत चालला आहात.

क्वचित एखादा अधिकारी आय-४०७ नावाचा फॉर्म पुढे करतो. त्यावर सही करणं म्हणजे कार्ड स्वखुशीने परत करणं. ‘स्वखुशीने’ हा शब्द तिथे खराच आहे, कोणी सक्ती करू शकत नाही. लांबच्या प्रवासाने थकलेली, इंग्रजीला बिचकणारी आपली माणसं ‘साहेब म्हणतोय’ म्हणून सही करून मोकळी होतात. तुम्ही नम्रपणे म्हणा की मला इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बोलायचं आहे, मी सही करणार नाही. गरज वाटली तर मराठी दुभाषा मागा.

पोचलात की त्याच आठवड्यात आय-९० भरा. २०२४च्या एप्रिलपासून त्याची फी ऑनलाइन ४१५ डॉलर, कागदावर भरला तर ४६५. खातं यूएससीआयएसच्या सरकारी संकेतस्थळावरच उघडा, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह’ असतं. हुबेहूब दिसणारी आणि दुप्पट पैसे घेणारी खाजगी संकेतस्थळं आहेत. फॉर्म भरायला मुलीने मदत केली तर चालतं, पण सही तुमचीच हवी. अर्ज पोचल्याची पावती मिळते ती जपून ठेवा. सप्टेंबर २०२४पासून ती पावती आणि जुनं कार्ड मिळून कार्डावरच्या तारखेनंतर ३६ महिने चालतात. म्हणजे नवं कार्ड रखडलं तरी तुमचं काही अडत नाही.

आता तुमच्या मनातली खरी अडचण. वॉकरवरच्या माणसाला सोडून मी कशी जाऊ? त्यावर उपाय आहे, आणि तो तुमच्या एजंटला माहीत दिसत नाही. ‘रीएंट्री परमिट’ म्हणून एक प्रवासपत्र मिळतं. फॉर्म आय-१३१, फी ६३० डॉलर. दोन वर्षांपर्यंतच्या गैरहजेरीसाठी ते असतं. अर्ज करताना तुम्ही प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवं आणि ठसे देईपर्यंत थांबायला हवं, ही त्याची मुख्य अट. त्यानंतर परत निघालात तरी चालतं. परमिट हातात यायला महिनोन्महिने लागतात, पण अर्जातच ते मुंबईच्या वकिलातीत पाठवायला सांगता येतं. म्हणजे तुमच्यासाठी मार्ग असा : वर्ष पूर्ण व्हायच्या आत, तुमच्याकडे अजून चारेक महिने आहेत, जा. आय-९० आणि आय-१३१ दोन्ही भरा, ठसे द्या, आणि यजमानांपाशी परत या. तेवढे आठवडे इथे त्यांच्याजवळ कोण राहील याची सोय आत्तापासून लावा. नणंद, भाचा, दिवसभराची बाई, जे जमेल ते.

आता यजमानांकडे वळू. इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही.

त्यांनी वर्ष ओलांडलं आहे. त्यांच्यासाठी आय-९० हा विषयच नाही. समजा जावयांनी आज अर्ज केला आणि उद्या नवं कोरं कार्ड आलं, तरी त्या कार्डावर त्यांना परत जाण्याचा अधिकार मिळत नाही. कार्ड संपतंय या काळजीत तुम्ही सगळे होतात आणि बारावा महिना गुपचूप निघून गेला. यात दोष कोणाचा नाही. घरात दोन ऑपरेशनं चालू असताना कॅलेंडर कोण बघतं? पण आता यापुढची पावलं विचारपूर्वक टाकायला हवीत.

त्यांच्यापुढचा सरळ मार्ग म्हणजे ‘रिटर्निंग रेसिडेंट’ व्हिसा, ज्याला एसबी-१ म्हणतात. अर्जाचा फॉर्म डीएस-११७, तो बांद्रा-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीमार्फत होतो. तीन गोष्टी पटवाव्या लागतात. निघताना ते कायम रहिवासी होते. परत जायच्याच इराद्याने निघाले होते आणि तो इरादा सोडला नाही. आणि मुक्काम लांबला तो त्यांच्या हाताबाहेरच्या कारणाने. बहुतेकांचे अर्ज दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर अडतात. ‘फ्लॅट विकायचा होता’, ‘पुतणीचं लग्न होतं’ ही कारणं तिथे टिकत नाहीत. तुमच्या यजमानांकडे मात्र चांगला पुरावा आहे, तो म्हणजे न वापरलेलं परतीचं तिकीट. ते शोधून काढा. ईमेलमध्ये असेल, नसेल तर विमान कंपनीकडून किंवा ट्रॅव्हल एजंटकडून काढून घ्या. तिकिटाची तारीख आणि हॉस्पिटलात दाखल झाल्याची तारीख यांत आठवडाभराचंच अंतर आहे, हे कागदावर दिसलं की निम्मं बोलणं झालं. त्याच्या जोडीला सर्जनचं पत्र हवं, आणि त्यात ‘रुग्णावर उपचार सुरू आहेत’ एवढं मोघम नको. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत लांबचा विमानप्रवास वैद्यकीयदृष्ट्या शक्य नव्हता, असं स्पष्ट हवं. आपले डॉक्टर घाईत दोन ओळी खरडून देतात. तुम्ही मजकूर टाइप करून न्या, तारखा त्यांना तपासू द्या आणि सही-शिक्का घ्या. मराठीत असलेल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा.

प्रवासाच्या निदान तीन महिने आधी हा अर्ज करायला सांगतात, तेव्हा यजमान पूर्ण बरे होईपर्यंत थांबू नका. अर्ज मान्य झाला की पुन्हा वैद्यकीय तपासणी आणि व्हिसाची फी आहे. मान्य होईलच असं कोणी सांगू शकत नाही. जो एजंट ‘शंभर टक्के करून देतो’ म्हणेल त्याला दारातूनच परत पाठवा.

काहीजण वर्ष उलटून गेल्यावरही तसेच विमानात बसतात आणि विमानतळावर अधिकाऱ्याची समजूत घालू म्हणतात. अधिकाऱ्याला सूट द्यायचा अधिकार असतो, कोणाकोणाला ती मिळतेही. नाही मिळाली तर प्रकरण इमिग्रेशन कोर्टात जातं. ७३ वर्षांच्या, नुकतंच खुब्याचं हाड सांधलेल्या माणसाला सोळा तासांच्या प्रवासानंतर विमानतळावरच्या चौकशीच्या खोलीत बसवणं मला पटत नाही. तरीही तोच मार्ग घ्यायचा असेल तर आधी अमेरिकेत परवाना असलेल्या इमिग्रेशन वकिलाशी बोला. यजमानांच्या बाबतीत वकिलावर खर्च करणं योग्यच आहे. तुमच्या आय-९०साठी तो लागत नाही.

पत्रात तुम्ही टॅक्सचा विषय काढलेला नाही, म्हणून मीच काढते. ग्रीन कार्ड असेपर्यंत अमेरिकेच्या करखात्यासाठी तुम्ही त्यांचे रहिवासी आहात, मग राहणं कोथरूडला असो. इथली पेन्शन, एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं, सगळं तिकडच्या हिशोबात येतं. उत्पन्न ठराविक मर्यादेखाली असेल तर रिटर्न भरणं सक्तीचं नसतं, पण तरीही रहिवासी म्हणून भरलेलं रिटर्न हा ‘मी अमेरिकेशी नातं सोडलेलं नाही’ याचा चांगला पुरावा असतो. उलट ‘अनिवासी’ म्हणून रिटर्न भरणं हा हक्क सोडल्याचा पुरावा ठरू शकतो. शिवाय भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर त्याची माहिती वेगळ्या फॉर्मवर द्यावी लागते. दहा हजार डॉलर म्हणजे आजच्या भावाने आठ-दहा लाख रुपये. कोथरूडमधल्या निवृत्त जोडप्याच्या एफडीच तेवढ्या असतात. दंड जबर आहे. आजवर हे भरलं नसेल तर घाबरून लपवू नका, दोन्ही देशांचं काम करणारा सीए गाठा.

एक प्रश्न मात्र तुम्हा दोघांनाच, मुलगी-जावई खोलीत नसताना. तुम्हाला तिकडे राहायचं आहे का? दर सहा महिन्यांनी पंधरा दिवस जाऊन हजेरी लावली की कार्ड टिकतं, असा आपल्याकडे ठाम समज आहे. तो चुकीचा आहे. अधिकारी एका फेरीकडे बघत नाही, चार-पाच वर्षांचे शिक्के एकत्र बघतो. असं वर्षानुवर्षं तळ्यात-मळ्यात करत राहणारी जोडपी मी बघते. प्रत्येक प्रवासाआधी महिनाभर रक्तदाब वाढलेला असतो. तुमची आजवरची पद्धत तशी नव्हती, बराच काळ तुम्ही तिकडे असायचात, म्हणून तुमचं प्रकरण भक्कम आहे. पण यजमानांचं मन आता इथे रमलं असेल, डॉक्टर इथले, भाऊ इथला, तर त्यांनी आय-४०७ भरून कार्ड आपणहून परत करणं आणि मग नातवंडांना भेटायला व्हिजिटर व्हिसा मागणं, हाही पूर्ण प्रतिष्ठेचा पर्याय आहे. व्हिसासाठी थांबावं लागतं आणि तो मिळण्याची हमी नाही, हे धरून चाला. तो पर्याय घेतलात तर सही करायच्या आधी त्याच सीएला विचारा. शेवटच्या १५ वर्षांतली आठ वर्षं ज्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं त्याला ते सोडताना करखात्याचा आणखी एक फॉर्म, ८८५४, भरावा लागतो. तुम्ही दोघंही त्या आठ वर्षांच्या पुढे गेला आहात.

आणि जावयांनी उत्साहात तुमचा आय-९० आधीच भरून टाकला असेल तर? शक्यता आहे म्हणून लिहिते. तर आज मुलीला फोन करून यूएससीआयएसच्या खात्यात ठशांच्या तारखेची नोटीस आली आहे का ते बघायला सांगा. आली असेल तर ती तारीख उलटायच्या आत खात्यातूनच पुढची मागून घ्यायची, आणि मग तुमचं तिकीट त्या तारखेच्या आधीचं काढायचं. मुलीने दरम्यान घर बदललं असेल तर तुमचाही नवा पत्ता कळवायला सांगा. त्यासाठी नियमाने दहाच दिवस असतात.